थंड-ओल्या हवेत हेम्पचा धंदा: बियाणं घेण्याआधी हे पाच मुद्दे वाचा



गेल्या बॅचमधला एक मुलगा मला भेटायला आला होता. गाव जावळी तालुक्यातलं, घरची तीन एकर उताराची जमीन. मोबाइलवर एक पीडीएफ दाखवली आणि म्हणाला, "सर, आमच्याकडची हवा थंड आणि ओली. हे लोक म्हणतात, अशा हवेत सॅटिव्हा जातीचं हेम्प जोमात येतं. बियाणं त्यांचं, परवाना त्यांचा, माल उचलायची हमीही त्यांचीच. आपण फक्त साडेतीन लाख भरायचे."

अकरा हजार टोकन त्याने आधीच भरलं होतं. उरलेल्या पैशांसाठी वडील सोसायटीच्या कर्जाची कागदपत्रं गोळा करत होते.

मी म्हटलं, "सोमवारपर्यंत एक रुपया देऊ नकोस. आधी आपण दोघं हे पीक समजून घेऊ." त्या दिवशी आम्ही जे कागदावर मांडलं, तेच आज तुमच्यासाठी लिहितोय. व्हिडिओत हे सगळं वेगाने जातं, म्हणून इथे सावकाश वाचा. धंद्याचा विचार करत असाल तर वही घेऊन बसा.

१. "सॅटिव्हा" या शब्दाला भुलू नका

शास्त्रीय नाव आहे कॅनाबिस सॅटिव्हा. लिनियस या शास्त्रज्ञाने १७५३ मध्ये ते दिलं. लॅटिनमध्ये "सॅटिव्हा" म्हणजे लागवडीखालची, पेरली जाणारी. म्हणजे मुळात हा शब्द काही दर्जा सांगत नाही. दोरखंडाच्या धाग्यासाठी लावलं जाणारं हेम्पही सॅटिव्हाच आणि गांजासाठी लावलं जाणारं झाडही बऱ्याचदा सॅटिव्हाच.

बाजारात मात्र "सॅटिव्हा-प्रधान" हा शब्द एका विशिष्ट अर्थाने वापरतात: उंच वाढणारं, अरुंद पानांचं, मोकळ्या फुलोऱ्याचं आणि उशिरा तयार होणारं झाड. जिथे फुलांची लागवड कायदेशीर आहे, अशा देशांमध्ये बियाणं विकणारे हा शब्द वापरतात. आपल्या पीडीएफवाल्याने तोच शब्द उचलून धाग्याच्या हेम्पला चिकटवला होता. ऐकणाऱ्याला वाटतं, काहीतरी खास जात आहे.

म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न जातीचा विचारू नका. विचारा, "या झाडाचा कुठला भाग विकून मला पैसे मिळणार आहेत?" फूल, बी की वाख? या तिन्हींचं हवामान वेगळं, कायदा वेगळा आणि गिऱ्हाईकही वेगळं.

२. ओल फुलाला मारते, वाखाला मदत करते

पीडीएफमध्ये लिहिलं होतं, "थंड आणि दमट हवा सर्वोत्तम." हे अर्धंच खरं आहे. अर्धवट खरं असलं की जास्त महाग पडतं.

आधी रोप. हेम्पला पाणी लागतं, पण मुळाशी साचलेलं पाणी अजिबात चालत नाही. कोवळी रोपं पिवळी पडतात, खुरटतात. निचरा होणारी उताराची जमीन असेल तर पावसाळा निभावतो. इथपर्यंत ठीक.

खरी अडचण फुलोऱ्यात येते. नाशिकच्या द्राक्षवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. घड भरत आले असताना अवकाळी पाऊस झाला, ढगाळ हवा राहिली, की मण्यांच्या आत ओल अडकते आणि कूज सुरू होते. बोट्रायटिस नावाची करडी बुरशी जशी द्राक्षावर येते, तशीच ती हेम्पच्या फुलावरही येते. थंडावा, दमट हवा आणि पाकळीत अडकलेलं पाणी, या तिन्ही गोष्टी तिला आवडतात. बाहेरून फूल चांगलं दिसतं, आतून तपकिरी-करडं झालेलं असतं.

आता सॅटिव्हा-प्रधान झाडाचं गणित पाहा. त्याचा फुलोरा मोकळा असतो, वारा आत खेळतो, म्हणून बुरशी थोडी कमी धरते. ही जमेची बाजू. पण ते तयार व्हायला वेळ घेतं. थंड-ओल्या देशांत शरद ऋतू सुरू झाला की पाऊस आणि धुकं वाढत जातं, आणि नेमकं तेव्हाच हे झाड अजून फुलोऱ्यातच असतं. म्हणजे मोकळ्या फुलोऱ्याने जे कमावलं, ते उशिराने घालवलं. त्यामुळे तिकडचे परवानाधारक उत्पादक एकतर लवकर तयार होणाऱ्या जाती निवडतात किंवा पीक छपराखाली घेतात. छप्पर म्हणजे खर्च.

आता वाखाकडे या. वाखासाठी हेम्प दाट पेरतात, म्हणजे फांद्या न फुटता ताटं सरळ उंच जातात. साधारण तीन-चार महिन्यांत, फुलोरा सुरू होण्याच्या सुमारास कापणी होते. फूल पक्व होण्याची वाटच पाहायची नसते, त्यामुळे करड्या बुरशीचा प्रश्न मोठा राहत नाही.

कापणीनंतर तर ओल कामाला येते. आपल्याकडे अंबाडी पाण्यात भिजत घालतात, साल कुजते आणि वाख सुटतो, हे आजोबांना विचारलंत तर ते हाताने करून दाखवतील. फ्रान्ससारख्या देशात हेम्पची ताटं कापून शेतातच पसरून ठेवतात. रात्रीचं दव पडतं, दिवसा वाळतं, अधूनमधून ताटं उलटवतात. दवाच्या ओलीवर वाढणारे सूक्ष्म जीव वाख आणि काडी यांना धरून ठेवणारा डिंकासारखा भाग खातात. फुलाला सडवणारी ओल इथे फुकटात मजुरी करते! अर्थात तीही बेताची हवी. सतत पाऊस लागला तर ताटं जास्त कुजतात आणि वाख तुटका निघतो.

तिसरं बी. याला वाढीच्या काळात ओल आणि पिकताना कोरडी हवा लागते. उत्तराखंडच्या मधल्या उंचीच्या डोंगरांत हे छान जमतं. पावसाळ्यात झाड वाढतं, सप्टेंबरअखेर पाऊस ओसरतो आणि त्यानंतरच्या उन्हात बी पिकतं. कुमाऊँ आणि गढवालमध्ये या बियांची चटणी घरोघरी करतात. सालीच्या वाखापासून दोर वळायची आणि "भंगेला" नावाचं जाड कापड विणायची रीतही तिथे जुनी आहे.

थोडक्यात वहीत लिहा:

- फूल: थंड-ओल्या हवेत सर्वांत जास्त जोखीम.
- बी: पिकताना कोरडे दिवस मिळाले तरच.
- वाख: थंड-ओली हवा मानवते, बेताची ओल तर उपयोगीच.

महाबळेश्वरचा स्ट्रॉबेरीवाला पावसाळ्याशी कुस्ती खेळत बसत नाही. तो पाऊस सरता सरता लागवड करतो आणि थंडीत फळ काढतो. हवामानाला धरून धंदा म्हणतात तो हाच.

३. बियाणं कुठलं? दिवस किती लांब, त्यावर ठरतं

पीडीएफमध्ये "युरोपियन सर्टिफाइड बियाणं" असं ठळक अक्षरात होतं. ते खरोखर युरोपचं असतं, तरी जावळीत फसलं असतं.

कारण हेम्प दिवसाची लांबी ओळखतं. दिवस लांब तोवर ते वाढत राहतं, दिवस लहान होऊ लागला की फुलोऱ्यात जातं. उत्तर फ्रान्समध्ये जूनचा दिवस सुमारे १६ तासांचा असतो. उत्तराखंडात सुमारे १४ तासांचा. साताऱ्यात वर्षातला सर्वांत मोठा दिवसही १३ तासांच्या आसपास. १६ तासांची सवय असलेलं बियाणं तुम्ही जूनमध्ये इथे पेरलंत, तर त्याला वाटतं हिवाळा जवळ आला. ते बुटकं असतानाच फुलतं. आणि बुटक्या ताटाचा वाख काय काढणार?

म्हणजे थंडी जुळली, पाऊस जुळला, तरी अक्षांश जुळत नाही. "आमच्याकडची हवा तिकडच्यासारखी आहे" असं कुणी म्हणालं की त्याला विचारा, "आणि दिवस?"

यातच आणखी एक गोष्ट येते, परागकणांची. हेम्पचे परागकण वाऱ्याने उडतात, किलोमीटरच्या हिशोबात लांब जातात. हिमालयाच्या पायथ्याशी आणि डोंगरात जंगली भांग रस्त्याकडेला, उकिरड्यावर, सगळीकडे उगवते. तिच्यात टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक, जास्त असू शकतो. तुम्ही कमी टीएचसीचं बियाणं आणून पेरलंत आणि त्यावर जंगली झाडाचा पराग बसला, तर तुमच्याच शेतातलं पुढच्या वर्षीचं बी मर्यादेबाहेरचं निघू शकतं. "बियाणं एकदाच घ्या, पुढे घरचंच वापरा" हा सल्ला गव्हाला ठीक आहे. इथे तो तुरुंगाच्या दारात नेतो.

४. कायदा: इथे "मला माहीत नव्हतं" चालत नाही

मी वकील नाही. निर्णयाआधी वकिलाला भेटाच. पण काही गोष्टी प्रत्येक उद्योजकाला स्वतःला माहीत हव्यात.

आपल्याकडे एनडीपीएस कायदा १९८५ लागू आहे. या कायद्यात "कॅनाबिसचं झाड" म्हणजे त्या प्रजातीचं कुठलंही झाड. सॅटिव्हा, इंडिका, हेम्प, हायब्रिड, कायद्याला सगळं सारखंच. परवान्याशिवाय लागवड केली तर कलम २० खाली १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

गांजाची व्याख्या आहे फुलांचे किंवा फळांचे शेंडे. शेंडे सोबत नसतील तर बी आणि पानं त्या व्याख्येत येत नाहीत. याच फटीतून बियांच्या खाद्यपदार्थांचा धंदा उभा राहिला आहे. पण बी विकायला मोकळीक आहे म्हणजे झाड लावायला मोकळीक आहे, असं नाही.

मग "०.३ टक्के टीएचसीच्या खाली असेल तर चालतं" हे कुठून आलं? उत्तराखंडने आपल्या परवाना पद्धतीत ही मर्यादा ठेवली. युरोपीय संघातही २०२३ पासून अनुदानपात्र हेम्पसाठी मर्यादा ०.३ आहे. एनडीपीएस कायद्यात मात्र असा टक्का नाही. कलम १४ प्रमाणे सरकार वाख किंवा बी यांसाठी लागवडीची परवानगी देऊ शकतं. ती सरकारने द्यावी लागते, आपण गृहीत धरायची नसते. उत्तराखंडने २०१८ मध्ये देशात पहिल्यांदा असा परवाना देऊन प्रायोगिक लागवड सुरू केली. हिमाचल प्रदेशात जानेवारी २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने प्रायोगिक अभ्यासाला मान्यता दिली. महाराष्ट्रात उत्तराखंडसारखी परवाना पद्धत नाही. एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्यातल्या सातबाऱ्याला लागू होत नाही.

"जमीन फक्त भाड्याने द्या, बाकी आम्ही बघतो" असं कुणी म्हणालं तर आणखी सावध व्हा. माहीत असून जागा वापरू देणाऱ्या मालकावरही कलम २५ खाली कारवाई होऊ शकते.

२०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे दोन एकरांत गांजा लावायची परवानगी मागितली होती. कुठल्याच पिकाला भाव मिळत नाही, हे त्याचं म्हणणं होतं. लोक हसले. मला मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. भाव न मिळालेला माणूस पीडीएफवर विश्वास ठेवायला तयार असतो, आणि हे धंदे त्याच्याच जिवावर चालतात.

५. मग आपण यात कुठे बसतो?

"सर, म्हणजे विषय बंद?" त्या मुलाने विचारलं. बंद नाही. पेरणी हा साखळीतला एकच दुवा आहे. पुढचे दुवे महाराष्ट्रात बसूनही करता येतात. मुंबईतल्या काही मित्रांनी २०१३ मध्ये सुरू केलेली बॉम्बे हेम्प कंपनी हे त्याचं जवळचं उदाहरण.

*बियांचे खाद्यपदार्थ.* नोव्हेंबर २०२१ मध्ये एफएसएसएआयने हेम्पचं बी, बियांचं तेल आणि पीठ यांना अन्न म्हणून मान्यता दिली. बियांत टीएचसी किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या आणि तेलात १० मिलिग्रॅमच्या आत हवं. नशा येते असं सुचवणारं काहीही लेबलवर चालत नाही. बियांत साधारण ३० टक्क्यांहून जास्त तेल आणि २५ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात. विक्रीचा मुद्दा हा आहे, पाकिटावरचं हिरवं पान नव्हे.

*सूत आणि कापड.* तयार सूत किंवा कापड विकत घेऊन पिशव्या, पाकिटं, कपडे शिवणं. शिलाई येणाऱ्या बचत गटांना हे जमण्यासारखं आहे.

*बांधकाम.* वाख काढल्यावर उरलेल्या सणकाड्यांचा भुगा चुन्यात कालवून भिंतीचं हलकं साहित्य बनतं, त्याला हेम्पक्रीट म्हणतात. हे परदेशी वाटत असेल तर वेरूळ आठवा. तिथल्या लेण्यांच्या मातीच्या गिलाव्यात या झाडाचे अंश सापडल्याचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला आहे.

*आणि स्वतःच्या शेतात वाखच हवा असेल तर* ताग आणि अंबाडी आहेत. इंग्रजीत तागाला "सन हेम्प" म्हणतात, त्यामुळे गोंधळ होतो. पण ताग हे पूर्णपणे वेगळं झाड आहे, शेंगावर्गीय. परवाना लागत नाही, जमिनीला नत्रही देतो.

एक इशारा. ताटं वजनाला हलकी आणि आकाराला अवजड असतात. ट्रक भरतो, वजन भरत नाही. म्हणून वाखाचा कारखाना शेताजवळच लागतो. फ्रान्स हा युरोपातला सर्वांत मोठा हेम्प उत्पादक. तिथल्या ओब भागात १९७३ पासून शेतकऱ्यांची सहकारी संस्था स्वतःचा प्रक्रिया कारखाना चालवते. ऊस आणि साखर कारखाना यांचं नातं तुम्हाला माहीत आहे, तेच इथे. जवळ कारखाना नसेल तर "माल उचलायची हमी" कुणाच्या जोरावर?

हिशोब करून बघू

आकडे फक्त उदाहरणासाठी आहेत. तुम्ही चौकशी करून तुमचे घाला. समजा, भाजलेलं हेम्प बी २०० ग्रॅमच्या पाऊचमध्ये विकायचं आहे. जीएसटी धरलेला नाही.

- २० किलो बी, ४०० रुपये दराने: ८,००० रुपये
- वाहतूक: १,००० रुपये
- भाजणं, पाऊच, लेबल, १०० नगांचे: १,५०० रुपये
- प्रयोगशाळेची तपासणी, या लॉटचा वाटा: ३,००० रुपये
- एकूण: १३,५०० रुपये

तूट जाऊन ९५ पाऊच हातात आले, तर एक पडला सुमारे १४२ रुपयांना. छापील किंमत २५० रुपये ठेवली आणि दुकानदाराने ३० टक्के घेतले, तर तुमच्या हातात १७५. पाऊचमागे सुमारे ३३ रुपये सुटले. छान वाटतं ना? आता त्यातले २० पाऊच पडून राहिले असं धरा. ७५ पाऊचचे आले १३,१२५. म्हणजे ३७५ रुपयांचा तोटा, आणि तुमची मजुरी अजून धरलेलीच नाही.

यातून शिकायचं काय? इथे पैसा बियांत कमी आणि विक्रीत जास्त अडकतो. म्हणून आधी २० गिऱ्हाईकं शोधा, मग २० किलो माल आणा.

सोमवारचे पाच प्रश्न

त्या मुलाने एजंटला हे पाच प्रश्न लेखी पाठवले. तुम्हीही जसेच्या तसे वापरा.

१. परवाना कुठल्या राज्याचा, कुठल्या कलमाखाली, कुणाच्या नावावर? प्रत पाठवा.
२. तो माझ्या गट नंबरला लागू आहे, असं कुठल्या सरकारी कार्यालयाने लिहून दिलंय?
३. विकायचा भाग कुठला: फूल, बी की वाख?
४. हे बियाणं माझ्या अक्षांशावर, माझ्या पावसात कुठे घेतलंय? शेत दाखवा.
५. माल घेणारा कारखाना कुठे आहे? मी स्वतः जाऊन बघणार.

उत्तर आलं, "सर, एवढे प्रश्न विचारणाऱ्यांना आम्ही प्रोजेक्ट देत नाही." त्यानंतर फोन बंद. अकरा हजार परत मिळाले नाहीत. पण साडेतीन लाखांतले बाकीचे वाचले आणि सातबारा स्वच्छ राहिला. आता त्याने बहिणीसोबत घरच्या अंबाडीच्या वाखाची दोन-तीन वळणं करून सातारच्या एका हस्तकलेच्या दुकानात नमुने दिलेत. ऑर्डर अजून आलेली नाही. आली की सांगेनच.

तुमच्यासाठी आजचं काम: तुमच्या गावचं हवामान एका कागदावर लिहा. पाऊस कधी येतो, कधी थांबतो, दव कधी पडतं, दिवस किती लांब. त्याच्या शेजारी लिहा, या हवेत आपोआप चांगलं काय होतं. धंद्याची पहिली कल्पना त्या दुसऱ्या रकान्यातून उचला.

पुढच्या भागात लेबल आणि एफएसएसएआय नोंदणी, पायरी-पायरीने. भेटू या!